जिवंत हजर

सोमवारी दुपारी ओरालिया सिस्नेरोस पूल ओलांडून पलीकडे गेली तेव्हा तिच्या हातात गोड पावांची पुडी होती आणि डोक्यात राग होता. पुडी यारेलीसाठी होती. राग सगळ्यांसाठी होता.

सगळ्यात आधी नेल्डासाठी. नेल्डा तिची धाकटी बहीण, नदीच्या मेक्सिकोकडच्या काठावर राहायची. पोटातलं दुखणं अंगावर काढलं, कुणाला बोलली नाही, आणि वसंतात मेली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ओरालिया रागावली होती. नेल्डाची सहा वर्षांची पोर, यारेली, तिथल्या नगरपालिकेच्या बालगृहात जाऊन पडली. आता बालगृह म्हणत होतं, मावशी आहात ना, मग कागदावर दाखवा. शुक्रवारपर्यंत दाखवा. दक्षिणेतल्या एका कुटुंबानं मुलगी मागितली आहे, कागद आला नाही तर शनिवारी ती तिकडे जाईल.

कागद म्हणजे ओरालियाचा जन्मदाखला. ती जन्मली टेक्सासच्या बाजूला, सुईणीच्या हातून, संत्र्यांच्या बागेतल्या मजुरांच्या खोल्यांत. नदी इतकी अरुंद की इकडचा कोंबडा आरवला की तिकडचा उत्तर देतो, पण दाखला मात्र परदेशी. परदेशी दाखल्यावर टेक्सासच्या राजधानीचा शिक्का हवा, तरच तो पलीकडे चालतो. मागच्या आठवड्यात ती शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा काढून, अर्धा दिवस बसमध्ये घालवून राजधानीला गेली होती. खिडकीतल्या माणसानं दाखला उलटासुलटा केला आणि परत सरकवला. ही नगरपालिकेची नक्कल झाली, आम्हांला काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची लागते. सरकारी काम, सहा महिने थांब. तिनं त्या काचेवर पंजा आपटला होता, तो अजून दुखत होता.

बालगृह म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. आत भिंतींना कमरेपर्यंत निळा ऑइलपेंट, वर चुना. फिनाइलचा आणि शिजणाऱ्या घेवड्याचा वास. कचेरीच्या दाराबाहेर भिंतीला लागून सिमेंटचा लांब बाक, आणि त्यावर पाय हलवत बसलेली यारेली. पुढचा दात पडलेला, वेणी कुणीतरी घाईत घातलेली.

"मावशी, आज नेणार?"

"शुक्रवारी."

"शुक्रवार कधी असतो?"

"हे पाव संपले की. रोज एकच खायचा, कळलं? हावरटपणा केलास तर शुक्रवार लवकर येत नाही."

यारेलीनं पुडी मांडीवर घेतली आणि वरून बोटानं पाव मोजले. ते पाहून ओरालिया आणखी रागावली आणि तरातरा कचेरीत शिरली.

कचेरीत अम्पारोबाई. बालगृहाच्या कागदपत्रांचं सगळं त्या पाहत. वाईट बाई नव्हत्या, पण नियमाला चिकटलेल्या.

"माझ्यावर डोळे वटारू नका, बाई," त्या म्हणाल्या. "उलट तुमचं काम सोपं झालंय. आमच्या संगणकात एक ओरालिया सिस्नेरोस निघाली आहे. आई-वडील तेच. जन्मतारीख तीच. जुन्या सान इसिद्रो गावात नोंद झालेली, आपल्याच बाजूला. ही तुम्हीच ना? इथला दाखला असेल तर राजधानी नको, शिक्का नको. सही करा आणि उद्या मुलगी घेऊन जा."

ती नोंद तिला ठाऊक होती. नदीकाठची निम्मी पोरं अशी दोनदा नोंदलेली. इकडे सुईण नोंदवायची, तिकडे बाप नोंदवायचा, पोर आजीकडे राहिली तर शाळेत घेतील म्हणून. पण वकिलानं तिला बजावलं होतं, तो दुसरा कागद आयुष्यात कधी बाहेर काढू नको. काढलास तर टेक्सासचे साहेब म्हणणार, तू जन्मलीसच मेक्सिकोत, सुईणीनं खोटं लिहिलं. मग शाळेची नोकरी गेली, आईची औषधं गेली, आणि पूल ओलांडून घरी परत यायची सोयही गेली. यारेलीला घेऊन जायचं कुठं मग?

तिनं कानांवर हात ठेवले.

"ती मी नव्हे."

"मग कोण?"

"मला काय माहीत? असेल कुणी दुसरी."

"आई-बाप तेच, नाव तेच?"

"एकदा सांगितलं ना, दुसरी आहे!" ओरालियाचा आवाज पत्र्याच्या छताला जाऊन लागला. "ती वेगळी बाई आहे. तिचा माझा संबंध नाही. लिहून घ्या हवं तर!"

अम्पारोबाईंनी खरंच लिहून घेतलं. ओरालियानं कागद फाटेल इतक्या जोरात सही केली.

बाहेर आली तर यारेलीचे पाय हलायचे थांबले होते. ती मावशीकडे पाहत नव्हती. बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत होती. तिथे कुणी नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही," यारेली म्हणाली, आणि पुडी जराशी जवळ ओढली.

मंगळवारी काउंटीच्या कचेरीत काम झालं. चक्क झालं. ओरालिया भांडायच्या तयारीनं पदर खोचूनच गेली होती, म्हणजे पदर नव्हता, पण आव तोच. खिडकीतल्या पोरीनं फी घेतली, नक्कल काढली, सही केली, उठावाचा शिक्का दाबला आणि "दिवस छान जावो" म्हणाली. भांडण तसंच राहून गेल्यामुळे ओरालियाचं डोकं दुखायला लागलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तारांवर काळ्या पक्ष्यांचा कलकलाट चालला होता. आई स्वयंपाकघरात घेवड्याचे दाणे निवडत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, पण खडा एक सुटायचा नाही. शेजारची मिंगा कॉफी पीत होती. दात स्वस्तात होतात म्हणून ती दर महिन्याला पलीकडे जायची, आजही गेली होती, आणि गाल सुजवून आली होती.

"काय गं ए शहाणे," मिंगा अर्ध्या तोंडानं म्हणाली, "चौकात एवढ्या हाका मारल्या, वळली पण नाहीस!"

"कुठल्या चौकात?"

"पलीकडच्या. बालगृहाच्या कोपऱ्यावर. डोकं धुऊन तशीच बाहेर पडलीस वाटतं, केसांतून पाणी गळत होतं. आणि तो झगा कुठला काढलास? माझ्या आजीचा असा होता."

"मिंगा, तुझा दात काढला की डोळे? मी दिवसभर काउंटीत होते."

"मग तुझं भूत असेल," मिंगा हसली आणि गाल धरून कण्हली. "बाकी उकाडा असा आहे की मला पण ओल्या डोक्यानं हिंडावंसं वाटतं. धरणाचा तलाव म्हणे इतका आटलाय, बुडालेल्या जुन्या सान इसिद्रोच्या चर्चचं शिखर वर आलंय. लोक गाड्या घेऊन बघायला चाललेत."

आईचा हात दाण्यांवर थांबला. मिंगा निघून जाईपर्यंत तो हलला नाही.

"तू तिथं काय बोललीस?" आईनं विचारलं.

ओरालियानं सांगितलं. सांगताना पुन्हा चिडली. बापावर चिडली, ज्यानं ही दुहेरी नोंदीची ब्याद मागे ठेवली. "स्वतः गेले मरून. मी बसलेय निस्तरत. म्हणून सांगितलं, ती दुसरी आहे. चुकलं काय माझं?"

"असं म्हणायला नको होतंस."

"का? कागदच आहे नुसता."

"कागद नुसता नसतो, लाला." आई तिला लहानपणच्या नावानं क्वचितच हाक मारायची. "तिकडे कागद करायचा तर लेकरू नेऊन दाखवावं लागायचं. साहेब बघायचा, आणि मग लिहायचा, जिवंत हजर केली. तुझा बाप तिकडे नोंदवायला निघाला त्या दिवशी तुला गोवर होता. अंगाची भट्टी झालेली. मी म्हटलं, लेकरू घराबाहेर काढायचं नाही. तो एकटाच गेला."

"मग?"

"मग संध्याकाळी कागद घेऊन आला. मी विचारलं, कुणाचं लेकरू दाखवलंस? म्हणाला, तिथं कचेरीबाहेर बाकावर एक होतं, गुंडाळून ठेवलेलं. आसपास कुणी नव्हतं. उचललं, दाखवलं, परत बाकावर ठेवलं."

पंख्याचा खडखड आवाज येत होता.

"मी म्हटलं, अरे, कुणाचं होतं ते? तर म्हणाला, कुणाचंच नसावं. रडत पण नव्हतं. येतो हं, म्हणून सांगून आलो त्याला." आईनं ताटातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. "पुढच्याच वर्षी धरणाचं पाणी आलं सान इसिद्रोत, गाव बुडालं. तुझा बाप पुन्हा कधी नदीपलीकडे गेला नाही. तुला वाटायचं कामाचा कंटाळा."

"मेलेल्या बापाच्या नावानं मला घाबरवू नकोस," ओरालिया म्हणाली. ती घाबरली नव्हती, संतापली होती. कुणाचं तरी तान्हं लेकरू नाव चिकटवून बाकावर टाकून यायचं? आणि हा माणूस आपल्याला रोज हात धरून शाळेत सोडायचा?

बुधवारी ती पहाटेची बस धरून राजधानीला गेली. तीच खिडकी, तोच माणूस, काचेवर तिच्या पंजाचा डाग अजून तसाच. या वेळी त्यानं मान डोलावली. दाखल्याला एक कोरा करकरीत कागद जोडला, त्यावर सोनेरी शिक्का, खाली सही.

"झालं," तो म्हणाला. "हे एवढंच सांगतं की काउंटीच्या बाईंची सही खरी आहे."

"आणि आत लिहिलंय ते?"

"ते खरं की खोटं, त्यात आम्ही पडत नाही."

"म्हणजे मी जन्मले हे पटायला तुमचा शिक्का लागतो, आणि मी जन्मले की नाही हे तुम्हांलाच ठाऊक नाही?"

"बाई, माणसं आमच्याकडे नसतात. सह्या असतात. पुढचे कोण?"

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण हातात शिक्का होता. बस सुटायला वेळ होता, म्हणून स्थानकावरच्या बाकड्यावर बसून तिनं बालगृहात फोन लावला. यारेलीला बोलवा म्हणाली. निदान एकीला तरी चांगली बातमी द्यावी.

"यारे, कागद मिळाला!"

"मावशी, तू परत वडी आणशील?"

"कुठली वडी?"

"पेरूची. काल आणलीस ती. जरा ओली होती, पण छान होती."

ओरालियानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काल मी आले नव्हते, राणी."

मग यारेली हळूच म्हणाली, "तुझा आवाज आज कोरडा आहे."

"यारे, काल कोण आलं होतं? काय म्हणाली ती तुला?"

"म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबू नकोस. थांबलं की कुणी येत नाही."

"फोन बाईंना दे. आत्ता. पळ!"

अम्पारोबाईंवर ती एवढी ओरडली की स्थानकावरची माणसं वळून पाहू लागली. कोण ऐरागैरा येतो आणि पोरीला खाऊ घालतो? तुम्ही काय गुरं सांभाळता? अम्पारोबाई शांतपणे म्हणाल्या की काल त्या जागेवर नव्हत्या, पण स्वयंपाकीण सांगत होती मावशीच आली होती, आणि मावशीला ती ओळखते. "कुणालाही भेटू देऊ नका," ओरालिया म्हणाली. "मी उद्या सकाळी येते."

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे, बाई."

"मी उद्या येते!"

गुरुवारी सकाळी ती पुलाच्या फाटकात नाणी टाकून आत शिरली. खाली नदी ओढ्याएवढी झाली होती, मधे वाळूची बेटं. वसंतानंतर पावसाचा टिपूस नव्हता. पिशवीत यारेलीचा नवा झगा होता, पिवळा, त्याची बटणं ओरालियानं स्वतः लावली होती. छातीशी धरलेल्या पाकिटात शिक्क्याचा कागद होता. ती जवळजवळ पळत होती.

बालगृहाचा बाक रिकामा होता.

अम्पारोबाई तिला पाहून हसल्या. मग हसू मावळलं.

"काही विसरलं का?" त्यांनी विचारलं.

"यारेली कुठंय?"

अम्पारोबाईंनी तिच्या केसांकडे पाहिलं. मग कपड्यांकडे. मग जरा वेळानं तिच्या तोंडाकडे.

"म्हणजे त्या तुमच्या बहीण," त्या म्हणाल्या. "बाई गं, किती सारख्या दिसता. मलाही आधी वाटलं तुम्हीच. सकाळी दार उघडलं तर बाकावर बसून होत्या. त्यांनी दाखला काढून दाखवला. इथलाच, जुन्या सान इसिद्रोचा. सगळं नीट होतं."

"तुम्ही पोर दिलीत?"

"का नाही देणार?"

"मी काल सांगितलं होतं, कुणालाही भेटू देऊ नका!"

"कुणालाही नाही दिली. सख्ख्या मावशीला दिली." अम्पारोबाईंचा आवाज चढला. "तुम्हीच नाही का सोमवारी लिहून दिलंत? वेगळी बाई आहे म्हणून? आई-बाप तेच. मग तीही मावशीच झाली. तुमच्याइतकीच. आणि ती आधी आली."

ओरालियानं टेबलावर मूठ आपटली. दौतीसारखी काहीतरी वस्तू घरंगळत खाली पडली.

"ती मी आहे! तो दाखला माझा आहे, ऐकताय? माझ्या बापानं केला होता! दुसरी कुणी नाही! मी खोटं बोलले!"

नोकरी, वकील, परतीचा पूल, सगळं तिनं एका श्वासात टाकून दिलं. आता काही राहिलं नव्हतं.

अम्पारोबाईंनी तिच्या हातातलं पाकीट घेतलं. कागद बाहेर काढला. सोनेरी शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"हा तुमचाच ना?"

"हो."

"राजधानीचा आहे. बनावट नाही."

"नाही."

"मग तुम्ही तिकडच्या," अम्पारोबाई म्हणाल्या. "आणि ती इकडची."

ओरालिया खुर्चीत बसली.

"पत्ता," ती म्हणाली. "काहीतरी पत्ता दिला असेल तिनं."

"सान इसिद्रो. चर्चच्या मागची गल्ली."

"नवं सान इसिद्रो?"

अम्पारोबाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. त्यांच्या ओठांचा रंग उडाला.

"जुनं," त्या म्हणाल्या.

आत कुणीतरी भांडी घासत होतं.

मग अम्पारोबाईंना आठवलं. त्यांनी खणातून एक पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. आवाज अगदी लहान झाला होता.

"पोर शहाण्यासारखी गेली. हात धरून. फक्त हे ठेवून गेली. म्हणाली, एक उरलाय, तो मावशी आली की तिला द्या. मी म्हटलं, अगं, मावशीच तर नेते आहे ना तुला. तर नुसती बघत राहिली."

ओरालियानं पुडी उघडली नाही. ती उचलून बाहेर आली.

दारातून ऊन थेट आत पडलं होतं. बाकाचं सिमेंट तापून पांढरं झालं होतं. हात ठेवला असता तर भाजला असता.

बाकाच्या टोकाला दोन ओले डाग होते, माणूस बसून उठावा तसे. एक मोठा. त्याला खेटून एक लहान. दोन्ही डागांचं पाणी बाकाच्या कडेवरून अजून ठिबकत होतं.